डावी टाच

"अहो, सोडा त्यांना! कंबर मोडाल!"

पावसाची सर चुकवायला ती गोल्फच्या सरावाच्या शेडमध्ये शिरली, आणि पाहते तर काय — एक अनोळखी तरुण तिच्या बाबांना मागून धरून चक्क पिरगाळत होता!

तो वळला. केस ओले, हातात गोल्फची काठी म्हणजे क्लब, डोळ्यांत हसू.

"मोडत नाही, वाचवतोय. मी इथला कोच. आपण?"

"यांची मुलगी. आणि फिजिओथेरपिस्ट."

"बाप रे... म्हणजे दोन्हीकडून बोलणी!"

हसायचं नाही असं तिने ठरवलं होतं. हसली, आणि तिथेच घोळ झाला.

भानगड अशी, की निवृत्तीनंतर बाबांना गोल्फचं खूळ लागलं होतं. पण तरण्या पोरांसारखे दोन्ही पाय रोवून पीळ घ्यायला गेले, की पाठ धरायची. कोचचं म्हणणं, क्लब मागे नेताना डावी टाच खुशाल उचलू द्यावी. कंबर सहज वळते, पाठीवर ताण येत नाही.

"आणि तोल गेला तर?"

"तुम्ही आहात की सावरायला... त्यांना!"

बाबांनी टाच उचलून फटका मारला. चेंडू सुरेख गेला, आणि कंबरेवर हातही गेला नाही. हेच तंत्र योग्य, हे तिला तिथल्या तिथे कळलं.

"यांचं तंत्र बसलं की मी मोकळा," कोच म्हणाला. "दुसऱ्या गावच्या गोल्फ क्लबने कोच म्हणून बोलावलंय. यांच्यासाठीच थांबलोय."



"पण... गुडघ्याचं बघावं लागेल," ती घाईने म्हणाली.

मग रोज संध्याकाळी ती नवी खोड काढायची. कधी गुडघा, कधी खांदा. तो शांतपणे ऐकायचा, दाखवायचा, मध्येच तिच्याकडे बघत राहायचा. "तुम्ही वाद घाला," बाबा म्हणायचे, "तोवर मी आणखी म्हातारा होतो." दिवसभर पेशंटच्या माना शेकताना तिचा जीव मात्र त्या शेडमध्ये अडकलेला असायचा. संध्याकाळ काही लवकर व्हायची नाही.

एके दिवशी खोडीच संपल्या.

"आज... पाय रोवूनच बघू या का?" ती म्हणाली.

कोचच्या कपाळाला आठी पडली. "नको." पण लेकीच्या शब्दाबाहेर जातील तर ते बाबा कसले! त्यांनी पाय रोवले, पीळ घेतला — आणि "आई गं!" करत बाकावर बसले.

तिने त्यांची पाठ चोळली, हळूहळू सैल केली. जरा वेळाने ते हसले तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. मग ती उठून कोचसमोर उभी राहिली.

"टाच उचलायची. हेच बरोबर आहे. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग इतके दिवस...?"

"तुम्ही गेला असता." ती म्हणाली. "तुम्ही जाऊ नये असं वाटत होतं... अजून वाटतंय. पण त्यापायी बाबांना दुखवणार नाही. जा तुम्ही."

पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"गुडघ्यात काही नाही, हे मलाही दिसत होतं," तो हळूच म्हणाला. "पण तुम्ही उद्या परत येणार म्हटल्यावर... मी कशाला बोलू?"

ती हसली.

"उद्या मात्र निघावं लागेल. शब्द दिलाय."

"माहीत आहे."

"परत यायला काहीतरी कारण हवं..."

"कारण कशाला शोधता?" ती म्हणाली. "मी आहे ना."

त्याने क्लब बाजूला ठेवला. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, काहीही न शिकवता, तिचा हात हातात घेतला.