खांब क्रमांक सात

रसायन कारखान्यातल्या स्फोटात फुटलेली शेड शिल्पकार इद्रिस मुकादम यांनी गावच्या चौकात पुन्हा उभी केली होती. तेच वाकलेले खांब, तेच पत्रे, तेच एकुलतं दार.

"धुराड्याला साठ मीटर दिले आणि माणसांना एकच दार," ते कारखान्याच्या व्यवस्थापकांना म्हणाले. "भंगार तुमचंच, सबनीससाहेब. टाळ्या वाजवा की!"

धातुशास्त्रज्ञ डॉ. वैजयंती खोत सातव्या खांबाला तारा जोडत होत्या. त्यांनी शोधलेल्या ताणस्मृतीनुसार पोलाद आपल्यावर बसलेला प्रत्येक आघात साठवतं. विद्युतस्पंद दिले, की परत करतं, आवाज आणि धक्का दोन्ही.

"पण उलट्या क्रमाने," त्या संज्योतला म्हणाल्या. "भाकऱ्यांच्या चवडीसारखं. वरची आधी निघते. उभारणीचे आणि बुलडोझरचे आघात मी कालच काढून टाकलेत. म्हणजे आता आधी स्फोट, मग त्याच्या आधीचं मिनिट. आणि एकदाच."

संज्योतला तेच मिनिट हवं होतं. चौकशी अहवालात लिहिलं होतं, की झडप सोडून ऑपरेटर पळाला. ऑपरेटर म्हणजे तिचे वडील, अण्णा. झडप या खांबाशेजारी होती. बुलडोझरने ढिगारा उपसल्यावर कोण कुठे होतं, ते कळलंच नव्हतं.

लोक दूर बांधलेल्या दोरीमागे कान झाकून उभे राहिले. डॉ. खोतांनी तिथूनच कळ दाबली.

टक्.

मग बराच वेळ काही नाही. पुन्हा टक्. मग टक्, टक्-टक्.

"हे काय?" मुकादम म्हणाले.

"पाना," संज्योत म्हणाली. "गोंगाटात हाका ऐकू येत नाहीत, म्हणून शेडमध्ये पान्याने खांब ठोकतात. दोन जलद, एक सावकाश. 'मी इथे आहे.' हे उलटं येतंय."

डॉ. खोतांनी यंत्राच्या पडद्यावरच्या रेषेवर बोट ठेवलं. "लांबलेली शांतता पोलाद आखडून साठवतं, म्हणून तास मिनिटांत येतात. पण ही सावकाश लाट उन्हाची आहे. खांब तापून ताणला. स्फोट संध्याकाळचा ना? हे ठोके स्फोटानंतरचे, दुसऱ्या दिवशी दुपारचे आहेत."

स्फोटाच्या रात्रीच सबनीसांनी फाटक बंद केलं होतं. आत कुणी जिवंत नाही, असं सांगून.

ठोके जोरकस होऊ लागले. सबनीस दोरीपासून मागे सरकू लागले. "बंद करा! आता स्फोट येईल!"

"येईल," संज्योत म्हणाली. तिने त्यांचा टाय मुठीत गुंडाळला, त्यांना फरफटत शेडमध्ये नेलं आणि चेहरा खांबावर आपटला. नाक फुटलं. दार बाहेरून लावून तिने कडी घातली.

"बंद करू?" डॉ. खोतांनी कळीवर बोट ठेवलं.

आतून सबनीस पत्रा बडवू लागले.

"थांबा जरा," संज्योत म्हणाली. "बघू, कोण येतं."

दोरीमागून कुणी हललं नाही.