तासाला बत्तीस हजार

तिची होडी बुडवायला आला, तेव्हा त्याने आधी विचारून घेतलं. इतका व्यवहारी समुद्री चाचा तिने पाहिला नव्हता.

"दादा, माल आहे का काही? असेल तर बुडवतो. नसेल तर उगाच तोफगोळे कशाला वाया घालवायचे."

'दादा' म्हणण्यात त्याची चूक नव्हती. पडद्यावर ती छातीपर्यंत दाढी आणि एक लाकडी पाय घेऊन उभी होती. ऑनलाइन खेळ भावाचा, खातं भावाचं, दाढीही त्यानेच निवडलेली. भाऊ नोकरीला दूर गेला आणि खेळ घरी राहिला. ती काम करायची ते चष्म्याचं दुकान दुपारी एक ते चार बंद असायचं. तेवढ्यात घरी येऊन दोन घास खायचे आणि समुद्रावर जायचं. बाकीचे चाचे लढायचे, खजिने उकरायचे. ती मासे धरायची. मासा तव्यावर टाकायचा, रंग पालटला की उचलायचा, बंदरावरच्या मासळीवाल्याला विकायचा. कच्च्याला निम्मा भाव, करपलेल्याला पाव. तिचा एकही मासा आजवर करपला नव्हता.

"मासे आहेत," ती माईकवर म्हणाली, "पण तव्यावर आहेत. अर्धा मिनिट थांबा, मग बुडवा. करपलेले लुटून तुम्हाला तरी काय मिळणार?"

दाढीतून आलेला बाईचा आवाज पचायला त्याला वेळ लागत असावा. तो थांबला... आणि थांबला तो तीन महिने.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. सकाळी आणि संध्याकाळी लोक अडकतात, दुपारी कोणी अडकत नाही, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे दुपारी तो तिच्या होडीत. तो गळ टाकायचा, ती तवा सांभाळायची. मासेमारीत गंमत अशी की हाताला काम असतं आणि तोंड मोकळं. अडकलेली माणसं लिफ्टमध्ये काय काय कबूल करतात ते त्याने सांगितलं. डोळे तपासायला पुरुष अक्षरं पाठ करून येतात, ते तिने सांगितलं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

आईला मात्र सगळं कळत होतं. "तीन महिने मासे मारतेयस," ती भांडी पुसता पुसता म्हणायची, "घरात एक शेपटी आली नाही. आणि हसायला काय झालंय एवढं?"

एकदा तो म्हणाला, हल्ली पडद्यावरची अक्षरं धूसर दिसतात. ती म्हणाली, मग ये की दुकानात. तो खरंच आला. दाढी नव्हती, हाताला ग्रीस होतं आणि ते पुसायला फडकं नसल्यामुळे हात मागे धरून उभा होता.

लोकांच्या डोळ्यांत पाहणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा. रोज वीस जणांच्या डोळ्यांत बघायची, काही व्हायचं नाही. त्या दिवशी भिंग बदलताना बोटं दोनदा घसरली.

"हे बरं, की हे?"

"पहिलं."

"आणि आता?"

"आता... तू हललीस. अक्षरं राहू दे, तू तिथेच थांब."

ती थांबली. त्याने घसा साफ केला.

"एक सांगू? मी हिशोब केला. एकट्याने मासे धरले की तासाला एकोणीस हजार नाणी पडतात. तुझ्याबरोबर बत्तीस."

जगात माणसं चंद्र-तारे तोडून आणायच्या गोष्टी करतात. हिला बत्तीस हजार मिळाले. पण तो कानापर्यंत लाल झाला होता, म्हणून तिने ते प्रेम समजून घेतलं. दुसऱ्या दिवशी तव्यावर तिचा पहिला मासा करपला. त्याने ते पाहिलं. आणि गळ टाकताना शीळ घालत राहिला.

पुढच्या बुधवारी खेळात बदल झाले. मासळीचा भाव निम्मा.

बातमी वाचली तेव्हा तिला आधी बरंच वाटलं. म्हटलं, आता कळेल, तो नाण्यांसाठी येतो की माझ्यासाठी. रात्रभर मात्र कूस बदलत राहिली, कारण काय कळेल, तेही तिला ठाऊक होतं.

दुपारी तो आला. वेळेवर आला, उत्साहात आला. चौघांचं मोठं जहाज जमवलंय म्हणाला, लुटीत तासाला साठ पडतात, तूही ये, तोफ सांभाळ.

"आणि बोलायचं कधी?" तिने विचारलं.

"माईक चालूच असतो की. फक्त पोरं असतात बाकीची."

तिने गळ ओढून घेतला. "आपण मासेच धरू ना. मला सोळा पडले तरी चालतील."

यापेक्षा उघड ती आयुष्यात कधी बोलली नव्हती.

"सोळा?" तो कळवळून म्हणाला. तिची त्याला खरोखर काळजी वाटत होती. "अगं, परवडत नाही ते."

मग तो यायचा बंद झाला. फोन आठवड्यातून एकदा, मग कधीतरी, मग नाहीच. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं.

दोन महिन्यांनी, एका दुपारी, तिच्या गळाला आजवर न लागलेला सोनेरी मासा लागला. तव्यावर टाकला, आणि क्षितिजावर मोठं जहाज दिसलं. ते सरळ तिच्याकडेच वळलं.

"अगं, तू?" ओळखीचा आवाज. त्यात आनंदही होता, तो तिला नाकारता आला नाही. "माल आहे का काही?"

तव्यावर माशाचा रंग पालटत होता. आत्ता उचलायला हवा होता. एक शब्द बोलली असती, तर तो आला असता.

"नाही," ती म्हणाली. "नुसतीच बसलेय."

तिने मनात मोजलं. एक... दोन... तीन...

"बरं," तो म्हणाला. "पोरं थांबलीयत. भेटू."

जहाज वळलं. मागून कोणीतरी विचारलं, कोण आहे रे? माईक बंद करायचं त्याच्या लक्षात राहिलं नव्हतं.

"कोणी नाही. रिकामी होडी आहे."

तवा धुरकटला. मासा काळा ठिक्कर होईपर्यंत तिने हात लावला नाही. मग तो घेऊन बंदरावर गेली. मासळीवाल्याने त्याच त्या ठरलेल्या आवाजात आभार मानले आणि नाणी दिली.

"आज तरी काही मिळालं का?" आईने दारातून विचारलं.

"पाव भाव," ती म्हणाली आणि चपला घालून दुकान उघडायला गेली.