मंजुश्रीच्या दारातले दोन उमेदवार

चीनमधल्या आमच्या छंगतू शहरात ऊन पडलं की सगळे चहाला बाहेर पडतात. त्या रविवारी मंजुश्री विहाराच्या बागेत एकच खुर्ची उरली होती, आणि तिच्यावर एका तरुणाची पिशवी ऐसपैस बसली होती.

"तुमच्या पिशवीनं चहा मागवलाय का?" मी विचारलं.

त्यानं दचकून वर पाहिलं. "नाही… तिचा आज उपास आहे. बसा ना!"

पिशवीतून डोकावणारं पुस्तक मी लगेच ओळखलं. तेच माझ्याही हातात होतं – संग्रहालयाच्या भरती परीक्षेचं.

"जागा एकच आहे," मी म्हटलं.

"माहितीये. म्हणजे तुम्ही माझ्या शत्रू." असं म्हणत त्यानं सूर्यफुलाच्या बियांची बशी माझ्याकडे सरकवली. "मी लू पेइयान."

"शी युन."

मग दर रविवारी आम्ही तिथंच भेटू लागलो. तो राजघराण्यांच्या क्रमात हमखास घोळ घालायचा, मी सुधारायची, आणि मग मनात चरफडायची – मी याला कशाला शिकवतेय? बागेतल्या गिंको झाडांची पानं पिवळी पडेपर्यंत 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी बुद्धिदात्या मंजुश्रीपुढे आम्ही शेजारी शेजारी उदबत्त्या लावल्या.

"काय मागितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं तर फळत नाही."

"म्हणजे माझं वाटोळं मागितलंस!"

"अर्धंच," तो हसला.

निकाल लागला. माझी निवड झाली. फोनवर तो "अभिनंदन" म्हणाला – अगदी इस्त्री केलेल्या आवाजात. आणि त्यानंतर बागेत यायचाच बंद झाला. मी एकटीच चहा थंड करत बसायची. नोकरी मिळाल्याचा आनंद मेला घशाखाली उतरेना.

एका दुपारी विहारात जेवणाची घंटा झाली आणि भोजनगृहाच्या दारातून तो आत शिरताना दिसला. मीही धावले. आत बोलायला बंदी. एका बाजूला पुरुषांची रांग, समोर बायकांची. मी नेमकी त्याच्यासमोर बसले. आता पळशील कुठे?

त्यानं मला पाहिलं… आणि गोंधळून भरलेली वाटी पुढे सरकवली. तिथे वाटी पुढे म्हणजे 'अजून वाढा'. भिक्षूंनी वर भात रचला. त्याचे डोळे माझ्यावरच. पुन्हा वाटी पुढे! पुन्हा भात. आणि पानात टाकायची तर सोय नाही. बिचारा लालबुंद होऊन तो डोंगर संपवत होता. मला हसू आवरेना. एका म्हाताऱ्या भिक्षूंनी असं काही पाहिलं की मी खाली मान घालून कोबी मोजू लागले.

बाहेर आल्यावर तो पायरीवर धपकन बसला. "तुझ्यामुळे झालं हे."

"का येत नव्हतास? हरलास म्हणून?"

"नाही गं." त्यानं पोटावर हात ठेवला. "निकालात तुझं नाव पाहिलं आणि आधी आनंद झाला. माझं नाव नाही, हे नंतर लक्षात आलं… तेव्हा घाबरलो. परीक्षेला बसलेल्या माणसाला असं होऊन कसं चालेल?"

मी त्याच्या शेजारी टेकले. "उदबत्ती लावताना मी मात्र फक्त माझ्यासाठी मागितलं होतं हं."

"मीही माझ्यासाठीच. एवढा काही मी साधू नाही!"

आम्ही दोघंही हसलो.

"लशान गावच्या संग्रहालयात एक जागा निघतेय," तो म्हणाला. "पण राजघराण्यांचा क्रम अजून…"

"मी शिकवीन. फुकट नाही पण."

"काय घेशील?"

"तुला," मी म्हटलं… आणि कान तापले.

पोटावरचा हात हळूच उचलून त्यानं माझ्या हातात दिला. आणि मग भातानं जड झालेली पावलं टाकत, अगदी सावकाश, आम्ही विहाराला एक फेरी घातली.