अंगणातलं यंत्र, घरातला ठिपका

"दिवा राहू दे, पण ते मोबाइल खाली ठेवा," मोठे मामा म्हणाले. "त्यात तुम्ही कुठं आहात ते दाखवणारा ठिपका असतो ना, त्याचीच गोष्ट आहे. माझ्या दोस्ताच्या बाबतीत घडलेली. त्याला आम्ही तारमास्तर म्हणायचो. कुठं वायर लोंबताना दिसली की त्याचे हात शिवशिवायचे."

"मामा, खरी आहे की तुमची?" धाकट्या भाचीनं विचारलं.

"माझी असती तर भूत पहिल्या वाक्यात आणलं असतं. गप ऐक."

जानेवारीतला दुसरा मंगळवार. रात्रीचे साडेनऊ. तारमास्तर आपल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाचं शटर ओढत होता, तेवढ्यात ओळखीच्या गाडीवाल्याचा फोन आला. हा गाडीवाला नकाशे बनवणाऱ्या कंपनीत कामाला. गाडीच्या टपावर काडेपेटीएवढा जीपीएस रिसीव्हर चिकटवायचा, त्याची वायर आत लॅपटॉपला जोडायची आणि दिवसभर नव्या गल्ल्या पालथ्या घालायच्या. गाडी जाईल तशी नकाशावर रेघ उमटते.

"यंत्र बिघडलंय, मास्तर. ते जागच्या जागी असतं आणि ठिपका घरभर फिरतो. उद्या कामावर जायचंय, जरा येऊन जाता का?"

मास्तरानं पिशवीत दोन केबली टाकल्या आणि निघाला. थंडी मी म्हणत होती. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

घर वस्तीच्या पार टोकाला. आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक तीन खोल्या. पुढच्या खोलीत खाट, टेबलावर लॅपटॉप, आणि खाटेला लागून पाळणा. पाळण्यात सात-आठ महिन्यांची पोर. रडून रडून तिचा घसा बसला होता.

"हिची आई पावसाळ्यात गेली," गाडीवाला म्हणाला. "साध्या तापाचं निमित्त झालं. तेव्हापासून रोज रात्री हे असंच. मी एकटा माणूस, किती पुरा पडणार? उद्या सकाळी माझी ताई येतेय. तिच्याकडे घेऊन जाईल हिला."

"आणि तुम्ही?"

"मी राहीन की. घर आहे." हे बोलताना त्यानं पाळण्याकडे बघायचं टाळलं.

मास्तरानं विषय बदलला. रिसीव्हर खिडकीच्या गजाला चिकटवलेला होता. "अहो, ह्याला आकाश दिसायला हवं. चार भिंतींत ठेवलं की ठिपका जरा झुलतोच, दोन पेले झालेल्या माणसासारखा. यात भिण्यासारखं काय आहे?"

त्यानं केबल बदलली. पोर्ट बदलून पाहिलं. लॅपटॉप बंद करून परत चालू केला. ठिपका फिरतोच आहे. शेवटी लांब केबल जोडून त्यानं यंत्र अंगणात नेलं आणि उपड्या बादलीवर ठेवलं. वर स्वच्छ आभाळ. स्क्रीनवर उपग्रहांच्या सिग्नलच्या पट्ट्या टकाटक उभ्या राहिल्या. आता चूक व्हायला जागाच नव्हती.

यंत्र अंगणात. ठिपका घरात.

मास्तर खुर्ची ओढून बसला. नीट बघू लागला. ठिपका झुलत नव्हता. चालत होता. नकाशावरच्या घराच्या चौकोनात मधल्या खोलीच्या जागेवरून निघायचा. मागच्या खोलीत जायचा. उजव्या कोपऱ्यात थांबायचा. घुटमळायचा... परत फिरायचा. पुन्हा तीच वाट. रेघेवर रेघ बसून ती बोटाएवढी जाड झाली होती.

मास्तर उठला. बॅटरी घेऊन मागच्या खोलीत गेला. कोपरा रिकामा. जमीन स्वच्छ. त्यानं झोत वर नेला. छताला दोन कड्या...

"इथं काय होतं?"

गाडीवाला दारातच उभा होता. "पाळणा," तो म्हणाला. "ती असताना इथंच असायचा. ती गेल्यावर मला या खोलीत झोप येईना. म्हणून पुढं नेला."

मास्तरानं झोत खाली घेतला. पुढच्या खोलीत पोर रडत होती.

"दादा... पाळणा परत इथं टांगू या."

"आणि यंत्राचं?"

"यंत्राचंच बोलतोय मी."

दोघांनी मिळून पाळणा टांगला. पोरीला आत ठेवलं. गाडीवाला तिथंच भिंतीला टेकून बसला. मास्तर पुढं येऊन स्क्रीनसमोर उभा राहिला.

ठिपका मधल्या खोलीत होता. निघाला. दार ओलांडलं. कोपरा. थांबला.

आता परत फिरेल...

फिरला नाही.

मागचं रडणं थांबलं. एकदम. घर इतकं शांत झालं की मास्तराला स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला.

"झोपली का?" त्यानं हळूच विचारलं.

तो मागं गेला. गाडीवाला तसाच भिंतीशी. दोन्ही हात गुडघ्यांवर. पाळणा संथ हलत होता.

"मी नाही हलवत," गाडीवाला म्हणाला. आणि ओंजळीत तोंड लपवून रडला.

मामांनी पाण्याचा तांब्या उचलला. भाचे-भाच्या सरकून एकमेकांना चिकटले होते.

"मग ताई घेऊन गेली तिला?" धाकटीचा आवाज बारीक झाला होता.

"ताई आली, पोरीला शांत झोपलेलं पाहिलं. दोन दिवस राहिली आणि एकटीच परत गेली."

"आणि ते यंत्र?"

मास्तरानं गाडीवाल्याला दुकानातलं नवं दिलं आणि ते जुनं स्वतःकडे ठेवून घेतलं. उघडून पाहिलं, कसलाच बिघाड नाही. पण कधीही जोडा, कुठंही जोडा, ठिपका त्याच घरातल्या त्याच कोपऱ्यात. हलायचं नाव नाही.

"टाकून का नाही दिलं मग?"

"कुणाला टाकणार, बाळ?"

मामांनी तांब्या खाली ठेवला.

गेल्या वर्षी गाडीवाल्याची बदली झाली. पोर आता शाळेत जाते, दोन वेण्या घालते. सामान टेम्पोत चढवून बापलेक मास्तराचा निरोप घ्यायला दुकानावर आले. पोरीनं टेम्पोतून लांबपर्यंत हात हलवला. त्या रात्री मास्तराला काय वाटलं कोण जाणे. त्यानं खण उघडला. यंत्र काढलं. वायर जोडली.

नकाशावर त्या घराचा कोपरा रिकामा होता.

त्यानं नकाशा सरकवला. आणखी सरकवला...

ठिपका हमरस्त्यावर होता. एका संथ वेगानं, सामान भरलेल्या गाडीसारखा, पुढं पुढं चालला होता.