ती डावीकडे उभी होती

बोर्ली पंचतनला तंबूतला सिनेमा आला, त्या साली मी ठमीला पहिल्यांदा नीट बघितलं. म्हणजे आधी तिने मला टोकलं, मग मी बघितलं.

मुका सिनेमा होता, मोटारींच्या शर्यतीचा. मळणी उरकली होती, गाव मोकळं होतं. तंबूच्या मधोमध ओला पडदा टांगलेला. पुरुष पुढे बसायचे, बायका पडद्यामागे. चित्र दोन्हीकडून दिसायचं. शेवटी नायक भरधाव मोटार वळणावर घालतो, कडेला उभ्या नायिकेकडे बघून हसतो आणि तरी शर्यत जिंकतो.

बाहेर पडताना मी माझ्या मित्राला, चंदरला, सांगत होतो, "सगळं खोटं. एवढी धूळ उडाली, गड्याच्या कपड्यावर डाग न्हाय. आन् वळणावर पोरीकडं कोण बघतं? शर्यतीत बैलगाडी पळवतो मी, मला विचार. मान फिरवली की गाडी गेलीच."

"मग घरीच बसायचं होतं," मागून आवाज आला. "खरी धूळ अंगणात फुकट मिळते."

येसाजींची लेक ठमी होती. ओच्यात भुईमुगाच्या शेंगा, डोळ्यांत हसू.

"तुला आवडला?"

"लय! तो हसला तवा आमच्याकडच्या सगळ्या बायका एकदम गप. सोनूबाई आजी तर पदर तोंडात धरून बसली."

"पण खरं न्हाय ते."

"नसंल. हवंसं तर वाटलं ना?"

तिने शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले आणि गेली.

मग विहिरीवर, बाजारात, भेटू तिथे हाच वाद. मी मुद्दाम सिनेमाची नवी चूक शोधून ठेवायचो.

"एवढ्या वाऱ्यात त्याची टोपी कशी उडाली न्हाय?"

"चिकटवली असंल. तुझ्या डोक्यात बरा तो सिनेमा चिकटलाय!"

सिनेमा नव्हे, तू... असं म्हणायचं होतं.

एक दिवस ती आली ती न हसताच. "श्रीवर्धनचं स्थळ आलंय. सुपारीची वाडी हाय त्यांची. बैलगाड्यांची शर्यत झाली की बाबा होकार कळवणार."

"मग?"

"मग काय... शर्यतीत मी वळणावर उभी ऱ्हाईन. सिनेमातली पोर होती त्याच बाजूला. माझ्याकडं बघितलंस, तर बाबांना सांगन, मला न्हाय जायचं श्रीवर्धनला."

"आन् न्हाय बघितलं तर?"

"जन्मभर सुपाऱ्या सोलीन."

शर्यत दिवेआगरच्या किनाऱ्यावर होती. ओल्या वाळूवर माझी जोडी सगळ्यांच्या पुढे होती. वळणाचं निशाण जवळ आलं. सिनेमातली पोर उजवीकडे होती, मला पक्कं आठवत होतं. मी उजवीकडे बघितलं. केवड्याच्या बनापाशी सगळा गाव उभा... ठमी नाही. पुन्हा बघितलं. नाहीच. गेली श्रीवर्धनला, वाटलं.

"अरे, इकडं!"

डावीकडे समुद्र. तिथे घोटाभर पाण्यात, लुगडं उचलून धरून, ती एकटीच उभी होती. मी मान वळवली, हातातला कासरा ओढला गेला, बैल तिकडेच वळले आणि गाडीसकट मी लाटेत.

मागच्या गाड्या निघून गेल्या. बैल तेवढे शांत उभे होते.

येसाजी धावत आले. "वळणावर गाडी सांभाळता येत न्हाय व्हय रे तुला! आन् तू गं? पाण्यात काय करतेस?"

"सिनेमातली पोर डावीकडंच होती, बाबा."

"उजवीकडं होती," मी तोंडातलं खारं पाणी थुंकत म्हणालो.

"डावीकडं!"

चंदर पोट धरून हसायला लागला. "अरे, तिनं पडद्याच्या मागून बघितलाय! मागून सगळं उलटं दिसतं!"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग ठमी सरळ वडिलांसमोर उभी राहिली. "शर्यत हरला तो, बाबा. पण बघितलं माझ्याकडं. मला श्रीवर्धन नको."

येसाजींनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, शेवटी बैलांच्या पाठीवर हात फिरवला. "बैल शहाणे हायेत," ते म्हणाले. "बघू. त्यांच्यावर घर चालंल."

"आता म्हण सिनेमा खोटा," ठमी हळूच म्हणाली.

"खोटाच. तो पडला न्हाय."

लग्नानंतर ती मला 'अवो' म्हणायला लागली, पण वाद तोच राहिला. गेल्या वर्षी ती गेली. परवा मुलीने मला अलिबागला सिनेमाला नेलं. तिथे बायका-पुरुष एकाच बाजूला बसतात. पडद्यावर मोटारी पळायला लागल्या, तशी मुलगी म्हणाली, "बाबा, असं खरंच होतं का हो?"

"न्हाय होत," मी म्हटलं. "पण बघावं."

आणि वळण आलं तेव्हा मी डावीकडे बघून हसलो.