टॉर्मोडच्या हातातला दोर

त्या दिवशी मी फक्त एक पुस्तक पोचवायला गेले होते.

मी फिडल, म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन, वाजवते. लग्नं, नाचगाण्याच्या बैठका, कधी मयतसुद्धा. हिवाळ्यात बोलावणी कमी झाली की गोष्टी लिहिते. माझी पहिली कादंबरी आली आणि महिन्याभरात स्कॉटलंडच्या लुईस बेटावरून फोन आला.

"मी टॉर्मोड मॅकअस्किल. तुझं पुस्तक वाचनालयातून आणलंय. एकाहत्तराव्या पानावर चूक आहे. तो बुडाला तो वार शुक्रवार नव्हता."

मला हसू आलं. "काका, ती बनवलेली गोष्ट आहे."

"हो का? मग एक प्रत घेऊन ये माझ्यासाठी. फिडलही आण."

नोव्हेंबरात त्याच बेटावर, स्टॉर्नोवेला माझा कार्यक्रम होता. दुसऱ्या दिवशी टॉर्मोडच्या गावाची दुपारची बस धरली. त्याचं घर गावातलं शेवटचं. मागचा उतार थेट समुद्रात जात होता. चुलीत पीट जळत होतं, दलदलीतून कापून वाळवलेली माती. म्हाताऱ्यानं चहा, ओटची भाकरी आणि चीज मांडून ठेवलं होतं. चौऱ्याऐंशी वर्षांचा होता, पण नजर सुईसारखी.

"पुस्तकावरच्या फोटोत बारीक दिसतेस."

"दहा वर्षांपूर्वीचा आहे तो."

"म्हणजे खोटं मुखपृष्ठापासूनच सुरू होतं म्हण की."

दोघंही हसलो. मग त्यानं कप खाली ठेवला.

"दोन भाऊ होडीत. धाकटा फिडलवाला, तो पाण्यात पडतो. थोरला दोर टाकतो, आणि मग सोडून देतो. कोणी सांगितलं तुला हे?"

"कोणीच नाही. उल्लापूलच्या धक्क्यावर बोटीची वाट बघत होते. एक चाल डोक्यात आली. चालीबरोबर गोष्ट आली."

"होडीत आम्ही दोघंच होतो. मी आणि माझा धाकटा भाऊ रुआरी. बासष्ट वर्षं झाली. आईलासुद्धा मी दोर तुटला असंच सांगितलं." तो चुलीकडे बघत होता. "तू त्या भावाला भेकड म्हटलंयस. तीनदा."

ती तीन वाक्यं मला फार आवडली होती. ठिकठिकाणी वाचूनही दाखवली होती.

"वाजव ती चाल," तो म्हणाला.

चारच वाजत होते, पण खिडकीबाहेर काळोख दाटला होता. मी वाजवायला लागले. पहिला भाग झाला, दुसरा झाला. तिसरा मला कधी सुचलाच नव्हता, म्हणून मी गज तारांवरून उचलला.

चाल थांबली नाही.

खालून, किनाऱ्याकडून ती पुढे चालली होती. हळू, ओल्या तारांवर वाजावी तशी. वारा पडला होता. दाराच्या फटीतून कुजलेल्या समुद्रशेवाळाचा आणि डांबराचा वास आत आला.

टॉर्मोड उठला. "दर नोव्हेंबरात येतो. मी कधी दार उघडलं नाही. आज दोघं आहोत."

"काका… नका उघडू…"

त्यानं उघडलं. घरातल्या सपाता घालूनच तो अंधारात गेला. मी आतून कडी लावून बसू शकले असते. पण चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस होता हो! टॉर्च घेतला आणि धावले.

खाली किनाऱ्यावरच्या गोट्यांवर तो मागे रेलून उभा होता. दोन्ही हातांत दोर. दोर ताठ, सरळ काळ्या पाण्यात गेलेला. होडी कुठेच नव्हती.

"धर, पोरी! माझ्यानं एकट्यानं होत नाही!"

मी टॉर्च टाकला आणि धरला. दोर बर्फासारखा गार होता. आणि दुसऱ्या टोकाला कोणीतरी होतं. एक हात पुढे, मग दुसरा हात पुढे, असं चढत येत होतं. प्रत्येक हिसका माझ्या खांद्यापर्यंत पोचत होता. आम्ही ओढत होतो. हातभर दोर आला. अजून हातभर. टॉर्मोड रडत होता की हसत होता, कळत नव्हतं.

मग गोट्यांवर पडलेल्या उजेडात मला बोटं दिसली. माझ्या मुठीपासून दोन वितींवर. पांढरी, फुगलेली, टोकांना तारांचे घट्टे पडलेली.

"मारसाली…"

माझं नाव, पाण्यातून. टॉर्मोडनं ते एकदाही उच्चारलं नव्हतं.

मी दोर सोडला.

सपकन दोर पाण्यात गेला. टॉर्मोड गुडघ्यांवर कोसळला. त्याच्या तळव्यांची सालं निघाली होती. आता हा मला शिव्या घालणार, असं वाटलं. पण त्यानं माझा हात आपल्या रक्ताळलेल्या हातात घेतला, लहान मुलाचा घ्यावा तसा.

"आता कळलं ना… हात कसे सुटतात ते?"

मला रडू फुटलं.

"मी काही थंडीला भ्यायलो नव्हतो गं," तो कुजबुजला. "लाटेला पण नाही. त्यानं पाण्यातून वर बघितलं ना, तेव्हा तो आधीच मेलेला होता."

घरी येऊन मी त्याचे हात धुतले, पट्ट्या बांधल्या, आणि उजाडेपर्यंत आम्ही चुलीपाशी बसून राहिलो.

पुढे तो तीन वर्षं जगला. गाढ झोपायचा म्हणे, शेजाऱ्यांकडे गाण्याच्या बैठकांनाही जायला लागला होता. दर नव्या वर्षाला कार्ड पाठवायचा. आत एकच ओळ: यंदाही कोणी आलं नाही.

मी पिटलॉक्रीला राहते. दुसऱ्या मजल्यावर, चारी बाजूंनी डोंगर, समुद्र पार लांब. नवं काही लिहिलेलं नाही. ते पुस्तक पुन्हा छापायलाही नकार दिला.

गेल्या आठवड्यात खालच्या मिसेस प्रिंगल तक्रार घेऊन आल्या. माझ्या झोपायच्या खोलीखालचं त्यांचं छत ठिबकत होतं. प्लंबर बोलावला. त्यानं पलंग सरकवला, जमिनीची फळी उचकटली. सगळे पाइप कोरडे ठणठणीत होते. लाकूड मात्र ओलंचिंब. त्यानं बोट बुडवलं, सवयीनं जिभेला लावलं, आणि तसाच थांबला.

"बाई," तो म्हणाला, "हे खारट आहे."

त्यानं घाईघाईनं फळी परत बसवली. आधी तिथे एक खिळा होता. तो चार ठोकून गेला.