सापाच्या पेटीत शून्य अंश

“घराची एक किल्ली माझ्याकडे, एक ड्वेनकडे आणि एक तुझ्याकडे. तू परत दिलीच नाहीस. मग रात्री आत कोण घुसलं, रेजाँ? साप काय स्वतः उठून भाजून घेतो?”

“मी माझाच साप कशाला मारीन? डोकं ठिकाणावर आहे का तुझं, नोएला?”

“ऐकलंत? माझा साप म्हणतो. पोरीचा नाही, त्याचा.”

गॉर्डी प्लांट गाडीतून उतरला तेव्हा हे चाललं होतं. बाहेर उणे सव्वीस. बाई दारात, नवरा पायरीवर. आता नवरा नाहीच म्हणा, कोर्टाने त्याला पायरीच्या आत यायला बंदी केलेली. दोघांच्या तोंडातून वाफा निघत होत्या, दोन इंजिनं समोरासमोर उभी केल्यासारख्या.

गॉर्डीच्या मागून हेल्मी कांगास उतरली. बुटकी, साठीची, डोक्यावर कानटोपी. कॅनडातल्या सडबरीत खासगी तपास करणारी ही एकच बाई, आणि गॉर्डी तिचा माणूस. त्याने बारा वर्षं हॉकीत गोल अडवले, त्यातले निम्मे डोक्याने, असं हेल्मी सगळ्यांना सांगायची.

“तुम्ही तुमच्या गाडीत बसा, हीटर लावून,” ती रेजाँला म्हणाली. “तुमच्याकडे शेवटी येते.”

आत गेल्यावर नोएलाने बूट काढायचीही वाट पाहिली नाही. “सोमवारी कोर्ट आहे. ऑडेट कुणाकडे राहणार ते ठरणार. माझी बाजू भक्कम होती, बाई. आणि आज शनिवारी हे. त्याचा वकील म्हणणार, जिला सापाची पेटी सांभाळता येत नाही ती तेरा वर्षांची पोर काय सांभाळणार. कुणी केलं ते सोमवारच्या आत सांगा. नाहीतर पोरगी गेली माझी.”

पेटी बैठकीच्या खोलीत होती. काचेची, चार फुटी. खाली हीटिंग मॅट. बिस्किट नावाचा अजगर त्यात राहायचा. सकाळी साडेसातला तो सापडला तेव्हा पोटाची कातडी मॅटच्या बाजूला चिकटून राहिली होती. डॉक्टरने इंजेक्शन देऊन संपवला.

“सरळ आहे,” गॉर्डी म्हणाला. “कुणीतरी थर्मोस्टॅट वाढवला.”

“बघ ना मग.”

गॉर्डीने बघितलं. थर्मोस्टॅटच्या डबीवर एकतीसच लावलेलं होतं. साप पाळणारे लावतात तेवढंच.

“बिघडला असेल.”

हेल्मीने पेटीत हात घालून थर्मोस्टॅटची वायर चाचपली. तिच्या टोकाला सेन्सर होता, तो मुठीत धरला. आकडा सरसर चढला, एकतीसच्या वर गेला आणि मॅटचा दिवा विझला. “ठणठणीत आहे. हा जिथे ठेवशील तिथली उष्णता मोजतो आणि तेवढ्यावरून मॅट चालू-बंद करतो. बिचाऱ्याला साप कुठे आहे ते माहीत नसतं.”

मग तिने बाजूचं बटण दाबून धरलं. डबी गेल्या चोवीस तासांतला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा आकडा दाखवते. मोठा शेहेचाळीस. छोटा शून्य.

“शून्य?” गॉर्डी म्हणाला. “घरात तर चड्डीवर बसता येईल इतकं गरम आहे.”

टेबलावर पेटीशेजारी ग्लासाच्या बुडाएवढं ओलं कडं उमटलं होतं, लाकूड फुगलेलं. त्यावरून हेल्मीने बोट फिरवलं. मग पेटीतल्या बारीकसारीक गोष्टी बघितल्या. सेन्सर काचेला धरून ठेवणारी रबराची चकती दोन तुकडे होऊन पडली होती. आता वायर चपट्या दगडाखालून घेऊन, पावाच्या पिशवीच्या तोंडाला असते तसल्या बारीक तारेने, तीन वेढे देऊन बांधलेली होती. एकदम नीटनेटकी. पेटीच्या झाकणावर चिकटपट्टीचा अख्खा रोल पडलेला.

चिकटपट्टी त्या घरात जिथे तिथे होती. रिमोटला, खुर्चीच्या पायाला. मागच्या दाराला तर नोव्हेंबरपासून प्लास्टिक लावून चारी बाजूंनी पट्टी मारलेली, ते दार वसंतातच उघडणार.

“हे तारेचं तुम्ही केलं?” हेल्मीने विचारलं.

“मी? त्या पेटीत हात घालायला मला कुणी पगार देत नाही. काल रात्री चकती जागेवर होती. फोटो आहे.” वकिलाने सांगितलं म्हणून नोएला रोज झोपायच्या आधी पेटीचा फोटो काढायची. कालचा अकराला दहा कमी असतानाचा. आकडा एकतीस, चकती धड. “मग साखळी लावली दाराला आणि झोपले. एक कळत नाही मला. तापलं तर सरकायला काय झालं होतं त्या सापाला? पेटी केवढी आहे.”

“चकती तुटली तर वायर कशाने बसवाल?”

“चिकटपट्टीने. रोल तिथेच तर आहे.”

ड्वेन स्वयंपाकघरात अंडी खात बसला होता. नोएलाचा नवा माणूस, खाणीत रात्रपाळी. साप मेल्याचं त्याला वाईट वाटलं असेल तर ते अंड्याखाली कुठेतरी होतं.

“आवडायचा नाही मला तो,” ड्वेन म्हणाला. “पण मी खाली होतो, जमिनीच्या पोटात. सातला आलो. किल्ली फिरवली तर दार चार बोटं उघडून अडकलं. साखळी. पाच मिनिटं बोंबलत होतो. नोएलाची आंघोळ चाललेली. शेवटी ऑडेट आली काढायला, थोबाड पाडून.”

“वायर बसवायची झाली तर?”

“टेप मारायचा. हा काय प्रश्न आहे?”

ऑडेट तिच्या खोलीत होती. पलंगावर पाय घेऊन, सापाच्या पिंजऱ्याचं जुनं झाकण मांडीवर. डोळे कोरडे.

“झोपले होते,” ती म्हणाली. “आईनेच काहीतरी केलं असणार. तिला कशाचं काही कळत नाही.”

“साप तू सांभाळायचीस?”

“बाबांनी शिकवलंय सगळं.”

“चकती तुटली असती तर वायर कशाने बसवली असतीस?”

पोरीने हेल्मीकडे बघितलं. जरा जास्तच वेळ. “चिकटपट्टीने.”

रेजाँच्या गाडीत धुराचा आणि कॉफीचा वास होता. मागच्या सीटवर गॉर्डी मावेना.

“चिकटपट्टी?” रेजाँ हसला, पण वाईट हसला. “पेटीच्या आत? साप तिला चिकटतो, बाई. सोडवायला गेलं की खवले सोलून निघतात. मी साप पाळणाऱ्या कुणालाही पहिलं हेच सांगतो. ऑडेटला सहाव्या वर्षी शिकवलं, वही करून लिहून घेतलं.”

“आणि साप तापलेल्या जागेवरून हलत का नाही?”

“पोटाला चटका वेळेवर कळत नाही त्याला. ऊब वाटते, पसरून बसतो. खालून शिजत जातो.” त्याने स्टिअरिंगवर मूठ आपटली. “अंड्यातून बाहेर येताना धरलेला मी त्याला. ह्या हातात.”

गाडीतून उतरल्या उतरल्या गॉर्डी म्हणाला, “हाच. किल्ली आहे, अक्कल आहे, आणि टेप न लावणारा एकटा हाच.”

“तू गोलातच बरा होतास,” हेल्मी म्हणाली.

तिने सगळ्यांना बैठकीत बोलावलं. रेजाँला पायपुसण्यावर उभं राहायची परवानगी नोएलाने दिली, त्याच्या पुढे एक पाऊल नाही.

“थर्मोस्टॅट कुणी वाढवला नाही,” हेल्मीने सुरुवात केली. “सेन्सर काढून ग्लासभर दाबलेल्या बर्फात खुपसला. ओलं कडं त्याच ग्लासाचं. डबीला वाटलं पेटीत शून्य आहे, म्हणून मॅट तासन् तास पूर्ण जोरात चालू. पहाटे सेन्सर परत ठेवला तेव्हा मॅट तापलेलीच होती, म्हणून शेहेचाळीस. चकती ओढताना तुटली. नोएलाबाईंच्या फोटोत ती धड आहे. म्हणजे हे सगळं साखळी लागल्यानंतरचं.”

“मग?” नोएला म्हणाली.

“साखळी बाहेरून लागत नाही, काढताही येत नाही. सकाळी सातला ती लागलेलीच होती, ड्वेन बोंबलत होता. मागचं दार नोव्हेंबरपासून बंद, पट्टी जागची हललेली नाही. रेजाँ बाहेर. ड्वेन बाहेर. घरात माणसं दोन.”

ड्वेनने चमचा खाली ठेवला.

“ज्याने सेन्सर परत बसवला त्याच्या नाकासमोर चिकटपट्टीचा रोल होता. तरी त्याने तार शोधून तीन वेढे दिले. साप मरायला टाकलेला, पण हाताला सवय असते. पेटीच्या आत पट्टी लावायला तो हात तयार झाला नाही. नोएलाबाईंनी लावली असती, त्यांना दुसरं काही सुचतच नाही. साप हलत का नाही हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. शिवाय सोमवारी बुडणार त्याच होत्या.” ती वळली. “मी एकच प्रश्न सगळ्यांना विचारला. तिघांनी चिकटपट्टी सांगितलं. दोघांना खरंच तसं वाटतं. तुला नाही वाटत, ऑडेट. तू सहाव्या वर्षी वहीत लिहिलंयस.”

गॉर्डीला वाटलं पोरगी रडेल. ती रडली नाही.

“तू जिंकणार होतीस,” ऑडेट आईला म्हणाली. “मला इथे नाही राहायचं. मी सांगितलं होतं, तुम्ही दोघं ऐकत नव्हता.” मग हळू आवाजात, “मी बसले होते बाजूला. तो एकदा पण हलला नाही. मला वाटलं जरासं भाजेल.” ती पायपुसण्याकडे वळली. “बाबा, तुम्हीच म्हणालात ना, ह्या घरात एखादा अपघात झाला तर न्यायाधीशाला कळेल.”

“मी असं म्हटलं नव्हतं.”

“म्हणालात. गाडीत.”

“साप जाळायला नव्हतं सांगितलं मी.” रेजाँचा चेहरा पांढरा पडला होता. ती दोन पावलं पुढे आली तसा तो मागे सरकला, पाठ दाराला लागली. तिच्या हातांकडे बघत होता, चेहऱ्याकडे नाही. “माझ्याकडे चाळीस साप आहेत,” तो नोएलाला म्हणाला. “हिला मी त्या घरात नेऊ? सोमवारी मी येत नाही. ठेव तूच.”

“बाबा, ऐका ना.”

दार लागलं. त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग तोही गेला.

हेल्मीने कानटोपी चढवली. “काम झालं,” एवढंच म्हणून ती गाडी गरम करायला बाहेर पडली. ड्वेन अंड्यांकडे परत गेला, कारण बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

नोएला सोफ्याच्या कडेवर बसली. ती जिंकली होती. ऑडेट खोलीच्या मधोमध उभी होती, अजून दाराकडेच तोंड करून, आणि नोएला तिच्याकडे बघत होती, पेटीकडे बघायची तशी, हात मांडीखाली दाबून.

“आता ही माझीच,” ती गॉर्डीला म्हणाली. आवाज कमी करायचीही तसदी घेतली नाही. “पाच वर्षं अजून. तुम्ही सांगा, हिच्याबरोबर एका घरात रात्री झोपायचं कसं मी?”

ऑडेटने मान वळवली. तिलाही उत्तर हवं होतं.

गॉर्डीने एक बूट घातला, दुसरा सापडेना, मग सापडला.

“मला आता निघायला हवं,” तो म्हणाला.